पाणी कोणी ओतलं?

पहाटे पाच. एप्रिल म्हणजे मोहाचा हंगाम. या दिवसांत आमच्या गावाचं, चिचगडचं, घड्याळ मोहफुलांच्या हिशेबाने चालतं. ऊन चढायच्या आत वेचून झालं पाहिजे, नाहीतर गुरं फस्त करतात. सासूबाई टोपली घेऊन पुढे, मी मागून. मी लवकर परतते, कारण दिवसभरात डोकं ताजं असण्याची वेळ हीच. इग्नूच्या बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय. पुस्तकं हिंदीत वाचते. छत्तीसगडची हद्द शेजारीच असल्यामुळे हिंदीचं ओझं वाटत नाही, जूनच्या परीक्षेचं मात्र वाटतं. मी अंगणवाडी सेविका, आणि मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते म्हणून शिकते आहे, हे लपवण्यात काही अर्थ नाही. विषयाची गोडी नंतर लागली.

साडेसात. उन्हाळ्यात अंगणवाडी सकाळची असते. मदतनीसताई खिचडीचं बघतात, मी मुलं गोळा करते. हजेरी पोषण ट्रॅकर ॲपवर भरायची, नेटवर्कची मर्जी असेल तर. अमृत आहार योजनेतली अंडी आज आहेत, त्यामुळे पटसंख्या उत्तम.

साडेआठ. गाणी झाली, आणि मी पियाजेचा प्रयोग काढला. जिनिव्हात काम केलेला हा मानसशास्त्रज्ञ, आपल्याच तीन मुलांचं निरीक्षण करून त्याने बराचसा सिद्धांत उभा केला. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी. एका ग्लासातलं उभट बाटलीत ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कशात? साधारण सात वर्षांखालचं मूल बाटलीकडे बोट दाखवतं, असं पुस्तक म्हणतं.

पाच वर्षांचा एक मुलगा समोर बसवला. घरी गोंडी बोलणारा, एरवी माझ्याशी मोजकंच बोलतो.

“दोन्हीत सारखं आहे?”

“सारखं.”

ओतलं. “आता?”

त्याने बाटलीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, “यात जास्त.”

उत्तर अगदी पुस्तकातलं. पण ती नजर मला खटकली. थोड्या वेळाने मांडणी तीच ठेवली आणि ओतायला त्यालाच सांगितलं. जीभ बाहेर काढून, थेंबही न सांडता त्याने ओतलं. “आता?” “सारखंच हाये. म्याच त ओतलं.” त्याच्यामागून एका मुलीनेही स्वतःच ओतलं, तरी ती “बाटलीत जास्त” यावरच ठाम राहिली. एवढ्यावरून सिद्धांत मोडत नाही, हे मलाही कळतं.

पण हे पूर्वी घडून गेलंय. पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड यांनी सेनेगलमधल्या वोलोफ मुलांवर केलेलं काम 1966 साली प्रसिद्ध झालं. बाईंनी ओतलं म्हणून पाणी बदललं, असं शाळेत न गेलेली बरीच मुलं म्हणायची. स्वतः ओतल्यावर बरोबर उत्तरं पुष्कळ वाढली. 1974 मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी आणखी एक मेख दाखवली. त्यांनी वस्तूंच्या ओळी मांडून, आधीचा प्रश्न गाळून फक्त शेवटी एकदाच विचारलं, तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मोठं माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतंय म्हणजे पहिलं उत्तर चुकलं असणार, हा मुलाचा तर्क. वर्गात बाईने “नक्की?” म्हटलं की आपणही उत्तर बदलायचोच की.

साडेअकरा. गृहभेटी. एका बाळाचं वजन दोन महिने जागच्या जागी आहे. दंडघेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण. हे त्याच्या जरासं वर. आतापर्यंत मी दारातूनच विचारायची, “खातो ना नीट?” आणि त्याची आई म्हणायची, “हो जी मॅडम, खाते.” दोघींचं समाधान, रजिस्टरही भरलं. आज अंगणात तिच्याबरोबर मोहफुलं पसरायला बसले. काल रात्री कोणी काय शिजवलं, भरवलं कोणी, एवढंच विचारलं. हळूहळू निघालं ते असं: आई पहाटे मोहाला जाते, बाळ आठ वर्षांच्या बहिणीकडे. बहीण बिस्किट पाण्यात बुडवून देते, कारण तेवढंच तिला जमतं. मी सल्ला आईला देत होते आणि भरवणारी दुसरीच! अंडं कुस्करून कसं भरवायचं ते त्या पोरीला दाखवलं. ती मोठ्या तोऱ्यात शिकली.

दुपारी दोन ते चार. जेवण, भांडी, डुलकी. अभ्यासाचं नाव नाही.

संध्याकाळी नोंदी, स्वयंपाक, आणि सासूबाईंचा रोजचा प्रश्न: एवढं शिकून पगार वाढते का? अजून तरी नाही.

रात्री नऊ. सत्रकार्य हाताने लिहून द्यायचं असतं. पियाजेच्या अवस्था थोडक्यात स्पष्ट करायच्या आहेत. चार अवस्था, वयोगट, एकेक उदाहरण, पान भरलं. सेनेगलला जागा उरली नाही. तरी समासाला खेटून तीन ओळी घुसडल्याच. तपासणाऱ्याने मार्क कापले तर कापले.