सलाईनच्या बाटलीत भाकरी किती?

‘बाटली चढवणे’ हा शब्दप्रयोग तुम्ही नक्कीच ऐकला असेल. नांदेड जिल्ह्यात, हदगावच्या बाजूला तर तो घरोघरी ठाऊक आहे. सोयाबीनची काढणी करून माणूस थकला, तापातून उठला, दोन घास कमी खाऊ लागला, की घरची मंडळी म्हणतात, “डॉक्टरसाहेब, अशक्तपणा लई आलाय, एखादी बाटली चढवा की!” मग दांडीला टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी शिरेत उतरू लागते आणि भोवती बसलेल्यांना वाटते, चालली ताकद अंगात!

खरोखर किती ताकद चालली? वही-पेन्सिल घ्या, हिशेबच करू.

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी सारे पाणी. मिठापासून मिळणारे उष्मांक शून्य. ज्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज ५ टक्के’ असे छापलेले असते, तिच्यात २५ ग्रॅम द्राक्षशर्करा असते. तिच्यापासून सुमारे ८५ उष्मांक मिळतात. (येथे उष्मांक म्हणजे किलोकॅलरी.) आता ज्वारीची एक भाकरी घ्या. तिला ऐंशी-नव्वद ग्रॅम पीठ लागले असे धरा. तिच्यातून पावणेतीनशे ते तीनशे उष्मांक मिळतात, शिवाय सात-आठ ग्रॅम प्रथिने. म्हणजे साखरेच्या तीन बाटल्या चढवल्या तरी एक भाकरी काही भरत नाही, आणि प्रथिनांच्या नावाने तर भोपळाच.

सलाईन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मात्र काढू नका. जुलाबाने अंगातले पाणी फार गेले, रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली, तर हेच मीठपाणी प्राण वाचवते. ज्याला तोंडाने पिता येते त्याला बहुधा मीठ-साखरेचे पाणी पाजूनही भागते. सलाईन हे पाणी आणि क्षार भरून काढणारे औषध आहे, जेवण नव्हे. थकलेल्या माणसाला ते जेवण म्हणून विकत घेऊन देणे म्हणजे भाकरीच्या भावाने पाणी घेणे, असे मला वाटते.

पण आता एक अवघड प्रश्न येतो. ज्याचे आतडेच काम करीत नाही, त्याने काय करायचे? कोणाच्या आतड्याला पीळ पडून ते कापून काढावे लागते. एखादे बाळ अपुऱ्या आतड्याचेच जन्मते. अशांच्या तोंडात पंचपक्वान्ने घातली तरी ती रक्तात पोचणार कशी? त्यांना शिरेतूनच जेवू घालता येईल का?

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर रेन याने १६५६ च्या सुमारास पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी आणि जनावराचे मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत मद्य सोडले होते. पुढे हाच गृहस्थ लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी म्हणून नावाजला. कुत्र्याला नशा चढली, पण भूक भागली नाही. त्यानंतर तीनशे वर्षे गाडे कोठे अडले, ते पाहण्यासारखे आहे.

साठ किलो वजनाच्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसाला सुमारे १५०० उष्मांक हवेत. ८५ ने भागा. सतरा-अठरा बाटल्या झाल्या! जवळजवळ नऊ लिटर पाणी. माणसाच्या अंगात रक्त असते पाच लिटरच्या आसपास. एवढे पाणी रोज ओतले तर अंग सुजेल, फुप्फुसात पाणी साचेल.

तुम्ही म्हणाल, “पाणी कमी करा, साखर वाढवा!” बरोबर. पण कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काय होते, ते आईला लोणचे घालताना पाहिलेच असेल. फोडींना पाणी सुटते. हेच परासरण. दाट द्रावण पेशींतले पाणी ओढून घेते. ५ टक्के द्राक्षशर्करेचा दाटपणा रक्ताच्या जवळपास असतो, म्हणून हातावरची बारीक शीर तो सोसते. २५ टक्क्यांचे द्रावण सुमारे पाचपट दाट. ते बारीक शिरेत सोडले तर शिरेच्या आतल्या अस्तराची आग होते, शीर सुजते, रक्ताची गुठळी होऊन ती बंदच पडते.

ही कोंडी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे फुटली. जोनाथन ऱ्होड्स या शल्यचिकित्सकांच्या विभागात स्टॅन्ली डड्रिक हा तरुण डॉक्टर काम करीत होता. त्याने विचार केला, ओहोळात रंगाची पुडी टाकली तर पाणी लालभडक होते, पण तीच पैनगंगेला पूर आला असताना टाकली तर? क्षणात विरून जाईल! (पैनगंगा माझी, तो बिचारा फिलाडेल्फियाचा.) हृदयाजवळच्या महानीलेत रक्ताचा प्रवाह मोठा आणि वेगवान असतो. नळीचे टोक तेथे नेऊन ठेवले, तर दाट द्रावण पडताक्षणी पातळ होईल. बीगल जातीच्या सहा पिल्लांवर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. ७२ ते २५६ दिवस या पिल्लांच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. सारे पोषण शिरेतून. तरी ती आपल्या भावंडांसारखीच वाढली.

१९६७ साली तेथल्याच मुलांच्या रुग्णालयात एका तान्ह्या मुलीवर हा उपाय करण्याची वेळ आली. तिचे लहान आतडे जवळजवळ नव्हतेच आणि ती उपासमारीने वाळत चालली होती. शिरेतून पोषण सुरू झाले, तसे तिचे वजन वाढले, लांबी वाढली, डोक्याचा घेरही वाढला. आतड्याशिवाय मूल वाढू शकते, हे जगाने प्रथम पाहिले. ती मुलगी सुमारे दोन वर्षांची होण्याआधीच गेली. तिच्यावर उपचार करताना जे कळले, त्यावर पुढची हजारो बाळे जगली.

साखर आणि ॲमिनो आम्ले शिरेत पोचली, पण तेलाचे काय? शिरेत तेल तसेच सोडले तर त्याचे थेंब बारीक रक्तवाहिन्या तुंबवतील. तेल आणि पाणी बाटलीत घालून हलवा. क्षणभर मिसळतात, पुन्हा वेगळे होतात. अमेरिकेत सरकीच्या तेलाचे दुधाळ मिश्रण बाजारात आले होते. पण त्याने रुग्णांना ताप येई, कावीळ होई, म्हणून १९६०च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल घेतले आणि अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनच्या साहाय्याने त्याचे इतके सूक्ष्म कण केले की ते दुधातल्या स्निग्ध कणांसारखे तरंगत राहिले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे पांढरे औषध वापरात आले. आपल्या शिवारातली दोन पिके, कापूस आणि सोयाबीन! एक नापास झाले, दुसरे पास. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याच्या मिश्रणाने परासरणाचा दाब फारसा वाढत नाही. २० टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये सुमारे १००० उष्मांक मावतात. साखरेच्या बाटलीशी ताडून पाहा.

साखर झाली, प्रथिनांचे घटक झाले, तेल झाले, जीवनसत्त्वे झाली. आता जेवण पूर्ण झाले ना? डॉक्टरांनाही तसेच वाटले होते.

हदगाव तालुक्यात तामसा नावाचे गाव आहे. तेथे बारालिंग मंदिरात संक्रांतीच्या पाठोपाठ, करीच्या निमित्ताने भाजी-भाकरीची मोठी पंगत बसते. गावोगावच्या भाकरी जमतात आणि नाना तऱ्हेच्या भाज्या एकत्र शिजवून केलेली भाजी द्रोणात पडते. पंगतीत बसलेला कोणीही ‘यात जस्त किती, तांबे किती’ असे विचारीत नाही. मातीतून पिकात आणि पिकातून पोटात ते आपोआप येते. शिरेतल्या बाटलीत मात्र आपोआप काहीच येत नाही. माणसाने आठवणीने घातले तेवढेच.

म्हणून महिनोन् महिने बाटलीवर जगणाऱ्या रुग्णांना विचित्र त्रास होऊ लागले. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी १९७५-७६ च्या सुमारास असे रुग्ण पाहिले, की ज्यांच्या तोंडाभोवती पुरळ उठले, केस गळू लागले, जुलाब लागले, मन उदास झाले. बाटलीत जस्त नव्हते. दिवसाला काही मिलिग्रॅम जस्त दिले आणि सारे मागे हटले.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या टोरांटोची. तेथले डॉ. खुर्शीद जीजीभॉय हे आपल्याकडचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, आणि टोरांटोला जाण्याआधी काही काळ मुंबईत संशोधन केलेले. १९७० साली त्यांनी आतडे गमावलेल्या एका स्त्रीला शिरेतून पोषण घेण्याची तयारी शिकवून चक्क घरी पाठवले. ती पुढे वीसएक वर्षे जगली! अशाच, वर्षानुवर्षे शिरेतून पोषण घेणाऱ्या एका रुग्ण स्त्रीचे वजन अन्न पुरेसे असूनही घटू लागले. हातापायांतल्या मज्जातंतूंवर परिणाम झाला, आणि मधुमेह झाल्यासारखी साखर तिला पेलेना. जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक-एक शक्यता तपासली आणि रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम देऊन पाहिले. एका ग्रॅमचा चार हजारावा भाग! दोन आठवड्यांत साखर ताळ्यावर आली, बाहेरून द्यावे लागणारे इन्सुलिन थांबले. १९७७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. क्रोमियम प्रत्येक निरोगी माणसाला आवश्यकच आहे का, याबद्दल आज शास्त्रज्ञांत वाद आहे. पण त्या रुग्णाला त्याने गुण आला, ही नोंद पक्की आहे.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या ‘एखादी बाटली चढवा की’ याच्याशी नाते सांगते.

अतिदक्षता विभागातला गंभीर रुग्ण पुरेसे खाऊ शकत नाही. नाकातल्या नळीने पोटात अन्न दिले तरी गरजेपुरते जात नाही. मग उरलेला भाग शिरेतून लगेच भरून काढावा, हे कोणालाही पटेल. आजारी माणूस उपाशी का ठेवायचा? पण पटणे वेगळे आणि तपासून पाहणे वेगळे. तपासायचे कसे? डॉक्टरांनीच निवड केली तर ते नकळत अशक्त रुग्ण एका गटात घालतील आणि तुलना फसेल. म्हणून संमती घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करतात. कोण कोणत्या गटात जाणार, ते केवळ नशिबावर. गट मोठे असले की वय, आजार, अशक्तपणा दोन्हींकडे सारखे वाटले जातात.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या ग्रेट व्हान डेन बेर्गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६४० प्रौढ रुग्णांवर असा अभ्यास केला. दोन्ही गटांना जीवनसत्त्वे आणि जमेल तेवढे नळीने अन्न मिळत होते. एका गटाची तूट शिरेतून ४८ तासांच्या आत भरायला घेतली, दुसऱ्याची आठव्या दिवसापर्यंत भरलीच नाही. २०११ साली निकाल आला. थांबलेला गट लवकर बरा झाला! नवे जंतुसंसर्ग लगेच पोषण मिळालेल्या गटात २६.२ टक्के, तर थांबलेल्या गटात २२.८ टक्के. नंतर १४४० आजारी मुलांवर तोच अभ्यास झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात फरक आणखी मोठा निघाला : १८.५ टक्के आणि १०.७ टक्के.

असे का व्हावे? आजारपणात पेशी आपल्यातले मोडके भाग मोडून साफसफाई करतात; बाहेरून अन्नाचा लोंढा आला की ही साफसफाई मंदावते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. शिवाय शिरेतली नळी म्हणजे जंतूंना सरळ हृदयाजवळ नेणारी वाट. आणि आतड्याला काम नसले की त्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे झिजतात. तेच पोषण तोंडाऐवजी शिरेतून दिलेल्या उंदरांचे आतडे वजनाने कमी भरलेले प्रयोगात दिसले आहे. हा निकाल काही दिवसांत पोटाने खाऊ लागतील अशा रुग्णांचा आहे. आतडेच नसलेल्यांना शिरेवाचून गत्यंतर नाही.

दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांचे गणित आणखी वेगळे. एक किलोच्या बाळाजवळ साठवलेली चरबी जवळजवळ नसतेच, आणि आतडे अजून कच्चे. त्याला साखर आणि ॲमिनो आम्ले पहिल्या दिवसापासून शिरेतून द्यावी लागतात. पण त्याच वेळी पोटात आईच्या दुधाचे थेंबही सुरू करतात. ते पोट भरण्यासाठी नसतात, आतड्याला काम लावण्यासाठी असतात. गाईच्या दुधापासून केलेल्या पावडरीपेक्षा मानवी दुधावर अशा बाळांना आतडे सडण्याचा भयंकर आजार कमी होतो. सगळ्याच आयांना सुरुवातीला दूध येते असे नाही, म्हणून मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. इतर आयांनी दिलेले दूध तेथे तपासून, तापवून, गोठवून ठेवतात. बाळाला आधी एक-दोन मिलिलिटर देतात. पोट फुगले नाही, उलटी झाली नाही, तर उद्या थोडे जास्त. दूध वाढेल तशी शिरेतली बाटली कमी करीत नेतात आणि मग एके दिवशी परिचारिका नळी काढून टाकते.