निनावी पोथीचा धनी

तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा अलेक्झांड्रियाचा पंडित. पुढे पॅलेस्टाईनमधील सीझरियास जाऊन राहिला. बायबलवर त्याने इतके भाष्य केले, की एका माणसाच्या हातून ते व्हावे कसे, असा प्रश्न पडावा. त्याचे उत्तर अँब्रोस नावाच्या धनिक शिष्याच्या थैलीत आहे! ओरिजेन सांगत जाई आणि अँब्रोसने नेमलेले सातांहून अधिक लघुलेखक पाळीपाळीने टिपून घेत. शिवाय नकलकार होते, सुलेखनात तयार झालेल्या मुली होत्या.

एवढा हा पसारा. पण मूळ ग्रीकमध्ये आज त्यातले थोडेच हाती लागते. ओरिजेन इ. स. २५४ च्या सुमारास वारला. त्याची मते पुढे पाखंडी ठरली आणि ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने त्यांच्याविरुद्ध फर्मान काढले. अशा माणसाचे ग्रंथ पदरमोड करून कोण उतरवणार? आणि पोथीचे तर असे, की कुणी पुन्हा उतरवली नाही, की ती संपली.

काही ग्रंथ त्याच्या नावानिशी टिकले, हे खरे. पण बरेचसे वाचले ते आडवाटेने. रुफिनसने ४०० च्या आसपास त्याला लॅटिनमध्ये आणले. मात्र रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरचे पंधरा खंडांचे भाष्य त्याने दहांत बसवले. याला भाषांतर म्हणावे की छाटणी? दुसरी वाट ‘कातेना’ची, म्हणजे साखळीची. बायबलमधील वचनांना धरून अनेक भाष्यकारांचे उतारे तीत ओवलेले असत. आणि नकलता नकलता एकाचा उतारा दुसऱ्याच्या नावावर जाई.

सर्वांत नवलाची वाट म्युनिकची. तेथील बव्हेरियन राज्य ग्रंथालयात स्तोत्रांवरील प्रवचनांची एक जुनी ग्रीक पोथी होती. तिच्यावर ओरिजेनचे नाव नव्हते. २०१२ मध्ये सूची करताना मरीना मोलिन प्रादेल या विदुषीला त्यातली चार प्रवचने ओळखीची वाटली. छत्तिसाव्या स्तोत्रावरची ही प्रवचने रुफिनसच्या लॅटिनात होती! जेरोमने केलेल्या ओरिजेनच्या ग्रंथयादीशीही मेळ बसला. लोरेंझो पेरोने यांनी निर्वाळा दिला आणि २०१५ मध्ये सगळी २९ प्रवचने छापून निघाली.

पोथीवर धन्याचे नाव असते, तर ती इतकी शतके सुखाने नांदली असती का? मला तरी शंका आहे. आता त्या चार प्रवचनांपुरते मूळ ग्रीक आणि रुफिनसचे लॅटिन शेजारी शेजारी ठेवता येते. त्याची कात्री कुठे चालली आणि कुठे थबकली, हे ओळीओळीने पाहता येते.