लांडगीण आणि टांकसाळ
रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातली ब्राँझची नाणी आजही परवडतात, कारण ती अफाट संख्येने पाडली गेली आणि धामधुमीत पुरलेले त्यांचे साठे अजून सापडतात. इ.स. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल राजधानी झाली, त्या सुमारास निघालेले दंतकथेतल्या रोम्युलस-रेमस या जुळ्यांना पाजणाऱ्या लांडगिणीचे नाणे नवख्या संग्राहकाने आधी घ्यावे, इतके ते देखणे. चित्राखालची बारीक अक्षरे टांकसाळ सांगतात: ट्रिअर, सिसिया, अँटिऑक. ती शाबूत असतील, तर थोडा झिजलेला चेहरा चालवून घ्यावा. हिरवट-तपकिरी थर घासू नये. त्यासोबत तपशील जातो आणि किंमतही. मात्र फिकट हिरवी भुकटी दिसली, तर क्लोराइडमुळे धातू पोखरला जात असतो. असे नाणे वेगळे आणि कोरडे ठेवावे.