जोडलेल्या टॅब्लेटवर घंटी का वाजत नाही?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत मोबाईलची रेंज शाळेच्या सर्व खोल्यांत सारखी मिळेलच असे नाही. खिडकीपाशी ती असते, फळ्यापाशी नसते. म्हणून अनेक शिक्षक आपला फोन खिडकीच्या फळीवर अथवा कार्यालयात ठेवतात आणि वर्गात टॅब्लेट घेऊन शिकवितात. फोन टॅब्लेटशी जोडलेला असला म्हणजे फोनवर आलेला कॉल वर्गातील टॅब्लेटवरही वाजतो, आणि धडा न सोडता शिक्षकाला तो घेता येतो. सोय चांगली आहे. परंतु ती न कळत बंद पडते, आणि बंद पडली हे चुकलेल्या कॉलवरूनच उशिरा कळते.

याचे गांभीर्य लक्षात येण्यासाठी एका द्विशिक्षकी शाळेची कल्पना करावी. आषाढाचे दिवस आहेत. एक शिक्षक केंद्राच्या बैठकीस गेले आहेत. दुसऱ्या बाई दोन खोल्यांतील चार इयत्ता एकट्या सांभाळीत आहेत. दुपारी गावचे पोलीस पाटील फोन करतात: ओढ्याला पाणी चढले आहे, पलीकडच्या पाड्यावरील मुलांना सोडू नये. फोन कार्यालयात वाजतो आणि थांबतो. पत्र्यावरच्या पावसात तो ऐकू येत नाही. टेबलावरचा टॅब्लेट मूकच राहतो. शाळा सुटण्याच्या वेळी बाई फोन हाती घेतात, तेव्हा पडद्यावर तीन चुकलेले कॉल दिसतात. त्या वेळेपर्यंत मुले वाटेला लागली असतील किंवा नसतील, हे केवळ दैवावर राहते. यंत्रातील एखादी लहानशी कळ बंद असण्याचा परिणाम कोठवर पोहोचू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

दोष शोधण्यापूर्वी मूळ व्यवस्था समजून घेणे अवश्य आहे. अशा टॅब्लेटला बहुधा स्वतःचे सिमकार्ड नसते. त्याला स्वतःचा क्रमांक नसतो. कॉल येतो तो फोनकडेच. फोन करणाऱ्याकडून तो मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत, तेथून मनोऱ्याकडे व मनोऱ्याकडून सिमकार्ड असलेल्या फोनकडे पोहोचतो. त्यानंतर फोन वाय-फाय किंवा इंटरनेटच्या मार्गाने टॅब्लेटला निरोप धाडतो, आणि तो निरोप पोहोचला तरच टॅब्लेट वाजतो. चावडीवर आलेला सांगावा कोतवालाने वाडीवर नेऊन द्यावा, तसाच हा प्रकार होय. सांगावा चावडीवर आलाच नाही, कोतवाल वाटेत अडला, किंवा वाडीवरच्या घराचे दार बंद होते, या तिन्ही कारणांनी निरोप पोहोचत नाही. पण प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. दुरुस्तीची सारी युक्ती साखळी कोणत्या कडीत तुटली हे ओळखण्यात आहे.

जोडणीचे प्रकारही वेगवेगळे आहेत. सॅमसंगच्या फोन व टॅब्लेटवर ‘कॉल अँड टेक्स्ट ऑन अदर डिव्हायसेस’ नावाची सोय असते. तिला दोन्ही यंत्रांवर एकच सॅमसंग खाते लागते, आणि ही कळ फोन व टॅब्लेट या दोहोंवर चालू असावी लागते. ॲपलने हीच सोय २०१४ साली आपल्या आयफोन व आयपॅडसाठी आणली. तेथे दोन्ही यंत्रांवर एकच ॲपल खाते असावे, फेसटाइम चालू असावे आणि दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर असावीत, अशा अटी आहेत. आयफोनवर ‘कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस’ आणि आयपॅडवर ‘कॉल्स फ्रॉम आयफोन’ या दोन्ही कळा चालू कराव्या लागतात. तिसरा प्रकार व्हॉट्सॲपचा. त्याचे कॉल साध्या कॉलपेक्षा वेगळे असून ते मुळातच इंटरनेटवरून येतात. एका खात्याशी मुख्य फोनाखेरीज चार यंत्रे जोडता येतात, परंतु मुख्य फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला गेला नाही तर जोडलेली यंत्रे आपोआप बाहेर पडतात. फोन दुरुस्तीस दिल्यावर किंवा बराच काळ बंद राहिल्यावर टॅब्लेटवरील व्हॉट्सॲप मुके झाले, तर प्रथम हेच कारण तपासावे. येणारा कॉल साधा की व्हॉट्सॲपचा, हा भेद न करता शोध सुरू केल्यास वेळ व्यर्थ जातो.

आता तपासणीचा क्रम पाहू. सहकारी शिक्षकाकडून किंवा घरच्या माणसाकडून फोन करवून घ्यावा आणि फोन व टॅब्लेट दोन्ही शेजारी ठेवून काय घडते ते पाहावे. फोनच वाजला नाही, तर दोष टॅब्लेटचा नाही. रेंज, फोनचा आवाज किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही कळ पाहावी. फोन वाजला पण टॅब्लेट वाजला नाही, तर दोष जोडणीचा, इंटरनेटचा किंवा टॅब्लेटचा आहे. टॅब्लेटच्या पडद्यावर कॉल दिसला पण आवाज आला नाही, तर निरोप पोहोचला आहे, केवळ घंटी बंद आहे. अशा एका प्रयोगाने अर्धी शक्यता बाजूला पडते.

आवाजाचा दोष सर्वांत सोपा असून तोच पुष्कळदा नजरेआड होतो. टॅब्लेटवर चित्रफितीचा आवाज व घंटीचा आवाज यांचे नियंत्रण स्वतंत्र असते. कविता मोठ्याने ऐकू आली म्हणजे घंटीही वाजेल, असे समजू नये. टॅब्लेट ब्लूटूथने वर्गातील ध्वनिवर्धकाशी जोडलेला असेल, तर आवाज तिकडे जाऊ शकतो. आणि तो ध्वनिवर्धक शेजारच्या खोलीत नेलेला असला, तर येथे काहीच ऐकू येत नाही.

घंटीच नव्हे तर पडद्यावरील सूचनाही दिसत नसेल, तर परवानगीचा प्रश्न पाहावा. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ सालापासून, नव्याने बसविलेल्या ॲपला सूचना दाखविण्यासाठी वापरणाऱ्याची संमती घ्यावी लागते. घाईत ‘नाही’ या शब्दावर बोट पडले की ते ॲप पुढे गप्प राहते. सेटिंग्जमधील सूचनांच्या विभागात जाऊन ही परवानगी पुन्हा देता येते.

यानंतर बॅटरीची काटकसर. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत अशी योजना आली की, न वापरता पडून असलेले यंत्र गाढ झोपावे आणि ॲपनी थोड्या थोड्या अवकाशानेच इंटरनेटशी बोलावे. कॉलसारख्या तातडीच्या निरोपासाठी त्यात खास वाट ठेवलेली आहे. पण अनेक कंपन्यांनी त्यावर आपले अधिक कडक नियम चढविले आहेत. टॅब्लेट हातात असताना कॉल वाजतो आणि अर्धा तास टेबलावर पडून राहिल्यावर वाजत नाही, असे आढळल्यास बॅटरीच्या विभागात जाऊन त्या ॲपवरील बंधन काढावे व ‘पॉवर सेव्हिंग’ बंद करावे.

डोंगराळ भागातील शाळांना एक कारण विशेष लागू पडते, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही फोनांत व काही ठिकाणी इंटरनेट ४-जीवरून चालते, परंतु ध्वनीचा कॉल आला की फोन तेवढ्यापुरता २-जीवर उतरतो. २-जीवर बोलणे चालू असताना इंटरनेट बहुधा थांबते. म्हणजे ज्या क्षणी टॅब्लेटला निरोप धाडायचा, नेमक्या त्याच क्षणी निरोपाची वाट बंद होते! टॅब्लेट जर त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर असेल, तर त्याचेही इंटरनेट त्याबरोबर तुटते. याची परीक्षा सोपी आहे. कॉल येत असताना फोनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पाहावे. ४-जीचे चिन्ह जाऊन २-जीचे किंवा इंग्रजी ‘ई’ हे अक्षर आले, तर हेच कारण समजावे. उपाय म्हणून मोबाईल नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ‘व्होल्टे’ ही कळ चालू करावी. त्यामुळे ध्वनीही ४-जीवरून येतो व इंटरनेट तुटत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या सेवेत २-जी मुळातच नसल्याने तेथे हा दोष उद्भवत नाही.

शाळेत ब्रॉडबँडचे वाय-फाय असेल, तर एक वेगळी सोयही विचारात घ्यावी. ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू असलेल्या फोनला मनोऱ्याची रेंज नसली तरी वाय-फायवरून साधा कॉल मिळतो. ही सेवा एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये आणली. फोन त्या सोयीचा असल्यास तो खिडकीत ठेवण्याचे कारणच उरत नाही. शिक्षक तो वर्गात स्वतःजवळ ठेवू शकतात. मात्र वीज गेली की राउटर बंद पडतो, हे विसरू नये. टॅब्लेटची बॅटरी भरलेली असते म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते; प्रत्यक्षात निरोपाची वाट तुटलेली असते. पावसाळ्यात असे वारंवार घडते.

आणखी एक लहान बाब. सुट्टीत कपाटात पडून टॅब्लेटची बॅटरी पूर्ण उतरली, तर जूनमध्ये तो सुरू केल्यावर त्यावरील दिनांक चुकीचा असू शकतो. दिनांक चुकला म्हणजे सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे मुदतबाह्य किंवा अद्याप सुरू न झालेली भासतात, आणि टॅब्लेट सर्व्हरशी बोलूच शकत नाही. दिनांक व वेळ आपोआप घेण्याची कळ चालू ठेवावी. सुट्टीनंतर शाळा उघडताच एकदा चाचणीचा कॉल करून पाहण्याचा प्रघात पाडावा, हे उत्तम.

दुरुस्ती करताना एक नियम कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच चाचणीचा कॉल करावा. चार कळा एकदम फिरविल्या आणि घंटी वाजली, तर कोणत्या कळेने काम झाले हे कधीच समजत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. गणितात मुलाचे उत्तर चुकले असता शिक्षक एकेक पायरी तपासतात, संपूर्ण उदाहरण खोडून टाकीत नाहीत. तीच शिस्त येथे उपयोगी पडते. सापडलेले कारण व केलेला उपाय नोंदवहीत दोन ओळींत लिहून ठेवल्यास सहकाऱ्याला व नंतर येणाऱ्या शिक्षकालाही त्याचा लाभ होतो.

जोडणीची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. काही जोडण्यांत कॉलबरोबर फोनवरील संदेशही टॅब्लेटवर दिसतात. बँकेचा ओटीपी, घरगुती मजकूर, पालकांनी विश्वासाने कळविलेली एखाद्या मुलाची अडचण, हे सर्व मुलांच्या हातातील पडद्यावर उमटू शकते. म्हणून टॅब्लेट मुलांना द्यावयाचा असेल, तेव्हा संदेशांची जोडणी बंद ठेवावी. बदलीच्या वेळी कार्यभार देताना शालेय साहित्याच्या यादीबरोबर टॅब्लेटही सोपविला जातो. तो देण्यापूर्वी त्यावरील आपले खाते काढावे, आणि आपल्या फोनमधील जोडलेल्या यंत्रांच्या यादीतूनही तो वगळावा. अन्यथा बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचे कॉल जुन्या शाळेत वाजत राहतील.

सर्व कळा ठीक असल्या तरी टॅब्लेटची घंटी ही दुसऱ्या हाताने आलेली घंटी आहे, याचा विसर पडू नये. पोलीस पाटील, आशा सेविका, सरपंच व शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांच्याजवळ दोन्ही शिक्षकांचे क्रमांक असावेत. तसेच शाळेजवळच्या एखाद्या घरातील क्रमांकही त्यांना द्यावा, म्हणजे कॉल लागला नाही तर माणूस धावत येऊन सांगेल. स्वतः मदत मागावयाची झाल्यास ११२ अथवा रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक टॅब्लेटवरून न लावता थेट फोनवरूनच लावावा. पावसाळी दिवशी शाळा सोडण्यापूर्वी एकदा फोन हाती घेऊन चुकलेले कॉल पाहावेत, आणि मगच मुलांना वाटेला लावावे. या कामास अर्धे मिनिट लागते. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर वाट पाहत बसलेल्या आईला त्या अर्ध्या मिनिटाचे मोल ठाऊक असते.