सोनटक्का फुलत का नाही?

पाने हिरवीगार, रोप माणसाच्या उंचीचे, पण फूल मात्र एकही नाही! घरोघरच्या बागेतील ही तक्रार दूर करणे फारसे कठीण नाही.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सोनटक्का फुलू लागला की एक फूल केसांत माळले तरी संध्याकाळभर घरात सुगंध दरवळतो. त्या सुगंधाच्या मोहाने कुणी माहेराहून, कुणी शेजारणीकडून सोनटक्क्याचा कंद आणते आणि हौसेने कुंडीत लावते. महिन्याभरात कोंब वर येतात, कर्दळीसारखी लांब पाने सुटतात, रोप कठड्याच्या वर डोकावू लागते. पुढे श्रावण जातो, भाद्रपद जातो, दिवाळीही होऊन जाते, पण फूल काही येत नाही. दुसऱ्या वर्षीही तेच घडले की 'आमच्याकडे सोनटक्का लागत नाही' असे म्हणून कुंडी रिकामी केली जाते.

खरे म्हणजे सोनटक्का हे नखरेल झाड नव्हे. कोकणात आणि गोव्यात विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या सांडपाण्यावर तो कुणी विशेष लक्ष न देताही बेटाबेटाने वाढतो. घोटाळा होतो तो त्याला जास्वंद किंवा मोगऱ्यासारखे झुडूप समजल्यामुळे.

आल्या-हळदीचा भाऊबंद

सोनटक्का आल्याच्या कुळातला. आले, हळद आणि वेलदोडा हे त्याचे जवळचे नातलग. आपल्याला जे खोड दिसते ते खरे खोड नसून एकावर एक घट्ट गुंडाळलेले पानांचे तळ असतात. खरे खोड म्हणजे जमिनीखाली आडवा पसरणारा कंद. प्रत्येक कोंब कंदावरच्या डोळ्यातून निघतो, उंच होतो, आपल्या शेंड्यावर एकदाच फुलोरा धरतो आणि त्याचे काम संपते. त्याच कोंबाला पुन्हा कधीही फूल येत नाही. पुढच्या वर्षीची फुले नव्या कोंबांवर येतात.

ही एक गोष्ट ध्यानात आली की निम्म्याहून अधिक तक्रारींचे उत्तर मिळते. रोप फार उंच झाले, गॅलरीत अडचण करू लागले म्हणून पुष्कळ जण जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे शेंडे छाटतात. जास्वंदीला या छाटणीने फांद्या फुटतात, फुले वाढतात. सोनटक्क्याच्या बाबतीत मात्र ज्या शेंड्यातून फुलोरा बाहेर पडायचा, तोच आपण कापून टाकलेला असतो! त्या कोंबाला बाजूने फांदी फुटत नाही आणि फूलही येत नाही. तेव्हा उंची कितीही वाढो, शेंड्याला हात लावायचा नाही. वाऱ्याने रोप कलत असेल तर बांबूची काठी रोवून सैलसर बांधावे.

कापायचे ते फुलून गेलेले कोंब. शेवटची कळी उमलून सुकली की वरचा फुलोरा काढून टाकावा. पाने हिरवी आहेत तोवर ती कंदाला अन्न पुरवत असतात, म्हणून कोंब लगेच कापण्याची घाई नको. पाने पिवळी पडू लागली की मात्र कोंब जमिनीलगत कापावा. जुने, वाळके कोंब वर्षानुवर्षे तसेच राहिले तर नव्या कोंबांना जागा आणि उजेड मिळत नाही, शिवाय किडींना आयता आसरा मिळतो.

ऊन किती, पाणी किती?

सोनटक्का सावलीत वाढतो हे खरे, पण सावलीत वाढणे निराळे आणि सावलीत फुलणे निराळे. दाट सावलीत नुसती पानेच माजतात. सकाळचे तीन-चार तास कोवळे ऊन आणि दुपारी सावली ही त्याच्यासाठी उत्तम व्यवस्था. म्हणून पूर्वेकडची गॅलरी त्याला फार मानवते. पश्चिमेकडची गॅलरी असेल तर दुपारच्या उन्हाच्या आड एखादे मोठे झाड किंवा जाळी हवी, नाहीतर पानांच्या कडा करपतात.

पाण्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. मूळचा तो पूर्व हिमालय आणि त्यापलीकडच्या ओलसर जंगलांतला, ओढ्याकाठी वाढणारा. एप्रिलपासून फुलांचा हंगाम संपेपर्यंत माती सतत ओलसर हवी. या काळात कुंडीखालच्या बशीत थोडे पाणी राहिले तरी बिघडत नाही. कळ्या धरण्याच्या सुमाराला चार-सहा दिवस माती कोरडी पडली, तर फुलोरा निघूनही कळ्या आतच सुकतात. गणपतीला गावी जाणाऱ्या कुटुंबांत हे हमखास घडते! शेजारी पाणी घालणारे कुणी नसेल तर निघण्यापूर्वी कुंडी सावलीत सरकवून मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा.

थंडीत मात्र याच्या उलट वागायचे. रोप विश्रांती घेत असताना गार, चिखलासारख्या मातीत कंद कुजतो. तेव्हा माती अगदी ठणठणीत होऊ द्यायची नाही, इतकेच पाणी पुरे.

गावोगावच्या हवेप्रमाणे थोडा फरक पडतो. मुंबई-कोकणात त्याला फारसे काही करावे लागत नाही. नागपूर किंवा इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी आणि दुपारची सावली अत्यावश्यक. दिल्लीकडे डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी पडून गळतात, तेव्हा रोप मेले असे समजून कुंडी उपटू नये. वाळलेले कोंब कापून वर सुकी पाने पसरावीत. मार्च उजाडला की कंदातून पुन्हा कोंब डोकावतात.

लागवड कशी करावी?

लागवडीला मे अखेर ते जून हा काळ सर्वांत सोयीचा. ताजा, टणक आणि निदान दोन-तीन डोळे असलेला कंद निवडावा. फार जुना, सुरकुतलेला कंद घेऊ नये. कापलेल्या जागी राख लावून एक दिवस सावलीत सुकू द्यावे. मग कंद आडवा, डोळे वर येतील असा, दोन इंचांहून खोल नाही अशा बेताने लावावा. बटाट्यासारखा खोल पुरला तर कोंब उशिरा येतात आणि कधी कधी कंद सडतो.

कुंडी खोल नको, पसरट हवी. कंद खाली नव्हे, बाजूला वाढतो. आठ-दहा इंची कुंडीत तो वर्षभरात कडेला टेकतो आणि पुढे फुलण्याऐवजी गर्दीतच गुदमरतो. निदान सोळा इंच व्यासाची कुंडी घ्यावी. त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे जुना प्लॅस्टिकचा टब, फक्त तळाला भोके पाडण्यास विसरू नये. बागेतील माती, कुजलेले शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा सारख्या प्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळली की काम झाले.

खताचा अतिरेक टाळावा. युरियासारख्या नत्रयुक्त खतांनी पाने डोळ्यांत भरण्यासारखी होतात, पण फुले रुसतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि जूनमध्ये थोडा हाडांचा चुरा एवढे पुष्कळ झाले. दर दोन-तीन वर्षांनी थंडी सरताना कुंडी रिकामी करून कंद सुटे करावेत, जून व पोकळ झालेले भाग टाकून द्यावेत आणि टणक, टोकाकडचे तुकडे नव्या मातीत लावावेत. फुलणे कमी झालेल्या जुन्या बेटांना याइतके दुसरे औषध नाही. मात्र वेगळ्या केलेल्या कंदाचे तुकडे फार लहान असतील तर पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नये.

किडींचा त्रास बेताचाच असतो. कोरड्या हवेत पानांखाली तांबड्या कोळ्याची बारीक जाळी दिसली तर पाने पाण्याच्या फवाऱ्याने खालून धुवावीत. खोडाला भोक आणि त्यातून भुसा येताना दिसला तर तो आल्या-हळदीवरही पडणारा खोडकिडा समजावा. तो कोंब बुंध्यापासून कापून नष्ट करावा. पाने गुंडाळून आत बसलेली हिरवट अळी आढळली तर मात्र लगेच औषधाकडे धावू नये. ती पुष्कळदा एका तपकिरी-पांढऱ्या फुलपाखराची असते आणि चार पानांपलीकडे तिची भूक जात नाही.

एक फूल, अनेक नावे

बंगालमध्ये सोनटक्क्याला दोलनचाँपा म्हणतात. काझी नझरूल इस्लाम यांच्या १९२३ सालच्या कवितासंग्रहाचे नावही तेच. हिंदी मुलुखात तो गुलबकावली. नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला, या फुलांचा अर्क डोळ्यांसाठी म्हणून विकला जातो. यात्रेहून अशी बाटली आणली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातला थेंबही डोळ्यांत घालू नये. शास्त्रज्ञांमध्ये त्याचे नाव हेडिचियम कोरोनेरियम. 'हेडिचियम' म्हणजे ग्रीक भाषेत गोड हिम, म्हणजे सुगंधी बर्फच! १७८३ साली हे नाव देणारे योहान कोनिग हे लिनियसचे शिष्य. तमिळनाडूतील तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत ते वैद्य म्हणून आले होते.

हे फूल समुद्रापारही गेले. क्यूबाने १९३६ मध्ये त्याला राष्ट्रीय फूल ठरवले. तिथे त्याचे नाव मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात क्यूबातील स्त्रिया केसांत माळलेल्या या फुलांत गुप्त संदेश दडवून नेत असत, असे तिथे सांगितले जाते.

परंतु सगळीकडे त्याचे असे कौतुक झालेले नाही. ब्राझील आणि हवाई बेटांत बागेतून सुटलेल्या सोनटक्क्याने ओढ्यांचे काठ आणि दलदलीच्या जागा व्यापल्या व स्थानिक झाडांना हुसकावून लावले. त्याची हिमालयातील पिवळी बहीण, जिला कहिली जिंजर म्हणतात, ती तर जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे आणि न्यूझीलंडमध्ये तिच्या विक्रीला बंदी आहे. कारण तेच, जे आपल्याला कुंडीत सुखावते: कंदाचा बोटभर तुकडा ओल्या मातीत पडला की तो रुजतो. म्हणून विभागणीनंतर उरलेले कंद नाल्यात, नदीकाठी किंवा टेकडीवर फेकू नयेत. मैत्रिणींना द्यावेत. तेही नको असतील तर बारीक चिरून कडकडीत उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावेत.

याच कुळातील दोन शोभेची झाडे आता रोपवाटिकांत सहज मिळतात. तांबड्या कणसासारखे तुरे येणारे लाल आले आणि पानांवर पिवळे पट्टे असलेली शंखआल्याची जात. लाल आल्याचा तांबडा भाग म्हणजे फूल नव्हे, ती रंगीत पानेच. खरी फुले त्यांतून डोकावणारी, पांढरी आणि इवलीशी. त्याला सुगंध नाही, पण फुलदाणीत तुरा बरेच दिवस टिकतो. शंखआल्याच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. त्याचे कोंब साधारणपणे दुसऱ्या वर्षी फुलतात, म्हणून सोनटक्क्याच्या सवयीने हिवाळ्यात ते सरसकट कापले तर फुलांना कायमचे मुकावे लागेल. पट्टेरी पानांसाठीच तो लावला असेल तर गोष्ट वेगळी.

सोनटक्क्याची फुले संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतात, म्हणून फुलदाणीत आख्खा फुलोरा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. दुपारी चारच्या सुमाराला टपोऱ्या, लांबट झालेल्या कळ्या देठाच्या नळीसकट अलगद ओढून काढाव्यात आणि ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवाव्यात. दिवेलागणीपर्यंत त्या उमलतात. दोन वेणीत माळाव्यात, उरलेल्या पाण्याच्या वाटीत घालून उशाशी ठेवाव्यात. रात्री खिडकी मात्र थोडी उघडी असू द्यावी, कारण बंद खोलीत हा वास काहींना जड होतो.