प्रेमकादंबऱ्यांची पारखी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका उपनगरात, पुस्तकांच्या एका मोठ्या साखळी-दुकानाच्या शाखेत, डॉट नावाची एक विक्रेती काम करीत असे. डॉट हे तिचे खरे नाव नव्हे, आणि ‘स्मिथटन’ हे त्या गावाचेही खरे नाव नव्हे. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या आपल्या ग्रंथात दोन्ही नावे बदलून दिली आहेत. व्यक्ती मात्र खरी आहे. तिच्याकडे येणाऱ्या स्त्रिया दुकानात शिरल्या की कपाटाकडे न वळता थेट तिच्याकडे येत आणि या महिन्यात काय वाचावे, असे विचारीत. कोणती प्रेमकादंबरी घ्यावी हे डॉट सांगत असे आणि कोणती टाळावी हेही सांगत असे. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला या दुसऱ्या सल्ल्याचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

अशा सल्ल्याची गरज का पडावी, हे समजण्यासाठी त्या काळचा बाजार पाहिला पाहिजे. ‘मिल्स अँड बून’ ही लंडनची प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली. प्रारंभी ती सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे, पुढे केवळ प्रेमकादंबऱ्यांकडे वळली. कॅनडातील ‘हार्लेक्विन’ची स्थापना १९४९ची. तिने १९७१ साली मिल्स अँड बून विकत घेतली. त्याच सुमारास हार्लेक्विनची सूत्रे लॉरेन्स हाइझी यांच्या हाती आली. ते आले होते ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’मधून, म्हणजे साबण आणि धुलाईची पावडर विकणाऱ्या कंपनीतून. साबणाची वडी जशी छाप पाहून घेतली जाते, तशीच कादंबरीही लेखिकेचे नाव न पाहता छाप पाहून घेतली जावी, असे त्यांचे धोरण होते. पुस्तके वाणसामानाच्या दुकानांत पोहोचली. आकार, किंमत आणि मुखपृष्ठाची ठेवण सगळ्यांची सारखीच. १९८० मध्ये ‘सिल्हूट’ ही प्रतिस्पर्धी मालिका निघाली आणि दरमहा येणाऱ्या पुस्तकांचा पूर लोटला.

हा माल फसवा असतो. कापड चिमटीत धरून पाहता येते, चहाची पत्ती तळहातावर घेऊन हुंगता येते. कादंबरीचा दर्जा मात्र ती वाचून संपल्याशिवाय कळत नाही आणि वाचून संपलेली कादंबरी दुकानदार परत घेत नाही. दुकानदाराची बाजू तेथे सुरक्षित असे. न खपलेल्या स्वस्त आवृत्तीचे मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे पाठवले की रक्कम खात्यात जमा होई. मोठा तोटा त्याला नव्हता. प्रकाशकाच्या दृष्टीने सगळीच पुस्तके उत्तम होती. फसण्याची वेळ आलीच तर ती एकट्या गिऱ्हाइकावर येई, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे बहुधा घरखर्चातून चार पैसे बाजूला काढणारी गृहिणी.

डॉट स्वतः अशीच गृहिणी होती. मुले लहान असताना संसाराच्या ओढाताणीने तिची प्रकृती खालावली, तेव्हा रोज थोडा वेळ केवळ स्वतःच्या आनंदासाठी काढावा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. तिने वाचन निवडले. पुढे दुकानात काम करताना तिच्या लक्षात आले, की मुखपृष्ठावरून बायकांना काहीच बोध होत नाही. १९८०च्या सुमारास तिने नव्या पुस्तकांचे परीक्षण करणारे एक छोटे पत्रक काढण्यास आरंभ केला. काही काळाने न्यूयॉर्कचे संपादकही तिच्या मताची दखल घेऊ लागले. साहित्याची पदवी नसलेल्या एका विक्रेतीला हे स्थान मिळाले ते एकाच कारणाने. तिचा शब्द गिऱ्हाइकांना पुनःपुन्हा खरा ठरलेला आढळला होता.

रॅडवे यांनी डॉटच्या सोळा वाचकांच्या मुलाखती घेतल्या आणि बेचाळीस जणींकडून प्रश्नावली भरून घेतली. उत्तम प्रेमकथेत काय असावे, या प्रश्नाला सर्वांत अधिक पसंती मिळाली ती सुखान्ताला. त्याखालोखाल, नायक-नायिकेचे प्रेम हळूहळू पण सातत्याने फुलत जावे, ही अपेक्षा होती. काय मुळीच नसावे, यात बलात्कार आणि दुःखान्त ठळकपणे आले. शेवट गोड आहे ना, याची खात्री करण्यासाठी काही जणी आधी शेवटची पाने वाचीत. यावर साहित्याचे जाणकार नाक मुरडतील. परंतु दिवसभर दुसऱ्यांच्या सुखदुःखाची काळजी वाहणाऱ्या स्त्रीने, आपल्या वाट्याला आलेला तासभर तरी रडण्यात जाऊ नये, अशी दक्षता घेतली तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

वाचकांची ही मागणी ध्यानात घेतली, म्हणजे प्रेमकादंबरीच्या शाखाही नीट उलगडतात. ‘गॉथिक’ शाखेत जुना वाडा, त्यातले रहस्य आणि तेथे नोकरीस आलेली एकाकी तरुणी असते. व्हिक्टोरिया होल्ट यांची ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ (१९६०) हा त्याचा चांगला नमुना, आणि तिचे कूळ थेट ‘जेन एअर’पर्यंत (१८४७) पोहोचते. मालिकांतील समकालीन कथा छोट्या असतात, एका दुपारीत संपतात. प्रवासात किंवा आजारपणात त्याच बऱ्या. डॉक्टर-परिचारिकांच्या कथांची तर एक स्वतंत्र पेठच आहे.

‘रीजन्सी’ शाखेची गोष्ट निराळी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी असताना १८११ ते १८२० या काळात युवराजाने राज्यकारभार पाहिला. त्या काळातील उच्चकुलीन समाज या कादंबऱ्यांत येतो. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या तिच्या अध्वर्यू. त्यांची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ (१९६१) ही कादंबरी व्यापारी कुटुंबातील वाचकाला निःशंकपणे सुचवावी. वडिलांच्या पश्चात कर्जात बुडालेली जहागीर हाती आलेला एक तरुण सरदार, प्रेयसीचा विचार सोडून, लंडनमधील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी विवाह करतो. मुलगी दिसायला साधी, बोलायला बेताची, पण घर चालवण्यात कसबी. सासऱ्याचा पैसा घ्यावा लागतो याचा जावयाला होणारा जाच, आणि ‘मी देतो तर याला इतके अवघड का वाटावे’ हे सासऱ्याचे भाबडे कोडे, दोन्ही लेखिकेने सारख्याच ममतेने रंगवली आहेत. वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी बाजारात घबराट पसरते. सासरा रोखे विकून टाकण्याचा सल्ला देतो, जावई मात्र वेलिंग्टनवर भिस्त ठेवून सरकारी रोखे खरेदी करतो आणि त्याचे दैव फिरते. प्रेम येथे अगदी शेवटी आणि अगदी हलक्या पावलांनी येते. धडधडत्या हृदयांची अपेक्षा करणाऱ्या वाचकाच्या हाती हे पुस्तक दिले, तर तो दुसऱ्याच दिवशी परत आणून देईल. हेयर यांच्याच ‘द ग्रँड सोफी’त (१९५०) ज्यू सावकाराचे जे विकृत चित्र आहे, ते मात्र सुचवणाऱ्याने आधी सांगून ठेवावे. बाकी पुस्तक कितीही खेळकर असले, तरी ते पान मनाला टोचते.

स्मिथटनच्या स्त्रियांना विशेष प्रिय होत्या त्या दीर्घ ऐतिहासिक प्रेमकथा, आणि त्यांत कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ (१९७२) अग्रभागी होती. आता या कादंबरीच्या आरंभीच नायक नायिकेवर बळजबरी करतो. जी गोष्ट मुळीच नसावी असे या वाचक सांगतात, तीच त्यांच्या आवडत्या पुस्तकात आहे. रॅडवे या विसंगतीपाशी बराच वेळ थांबल्या आहेत. नायकाच्या गैरसमजातून ते घडले आणि पुढे त्याला पश्चात्ताप झाला, अशी वाचकांची समजूत त्यांनी नोंदवली आहे. ही समजूत समाधानकारक नाही. तरुण मुलीला हे पुस्तक देताना कोणीही दोनदा विचार करील, आणि करावा.

या स्त्रियांना घरी काही ऐकून घ्यावे लागत नसे असे नाही. पैसा वाया जातो, वेळ वाया जातो, हे पतींचे आक्षेप असत. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, की या पुस्तकांतून इतिहास-भूगोल कळतो. ते खोटेही नव्हते, पण खरे कारण दुसरे होते. पुस्तक उघडले की काही काळ त्या कोणाच्या हाकेला बांधलेल्या नसत. महाराष्ट्रात ज्या घरांतून सर्क्युलेटिंग लायब्ररीची पुस्तके फिरली, त्या घरांनाही हे चित्र अपरिचित नाही. दुपारची झाकपाक झाल्यावर उघडलेले आणि दाराची कडी वाजताच उशीखाली सरकवलेले पुस्तक अनेकांनी पाहिले असेल. असा तास एखाद्या भिकार कादंबरीने वाया गेला, तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत भरून मिळत नाही. डॉटच्या शिफारशीवर अवलंबून होते ते हे.

रॅडवे यांचा निष्कर्ष काहीसा कठोर आहे. वाचन हा या स्त्रियांचा मूक निषेध आहे, पण तो निषेध पुस्तकातच संपतो आणि पुस्तक मिटले की घर होते तसेच राहते, असे त्या म्हणतात. हा न्याय पुष्कळांना एकांगी वाटला आणि त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. त्याच ग्रंथातील एक साधी नोंद मात्र फारशी चर्चिली गेली नाही. एकच विक्रेती, तेच पत्रक आणि बहुधा तीच पुस्तके असूनही या वाचक एकमेकींना फारशा ओळखत नव्हत्या. प्रत्येकीचे बोलणे होते ते डॉटशी. मुलाखतींच्या निमित्ताने एकत्र बसल्या, तेव्हा कोठे त्यांना समजले की आपण लपूनछपून वाचतो ते शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनेही वाचलेले आहे.