‘चीफ ऑफ द बोट’ : पाणबुडीवरचा सारंग

पाणबुडी म्हटलं की आपल्याला पेरिस्कोपला डोळा लावलेला कॅप्टन दिसतो. आज आपण बोलणार आहोत ते त्याच्या जवळ उभ्या असलेल्या एका माणसाविषयी. अमेरिकन पाणबुडीवर त्याला ‘चीफ ऑफ द बोट’ म्हणतात, थोडक्यात ‘कॉब’. हा अधिकारी नसतो, खलाशांमधूनच वर आलेला असतो. पूर्वी मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर गोरा कप्तान आणि कोकणी खलाशी यांच्यामध्ये सारंग असे ना, साधारण तशी याची जागा.

हे पद आलं कुठून? अमेरिकन नौदलात ‘चीफ पेटी ऑफिसर’ हा हुद्दा 1893 साली सुरू झाला. 1900 मध्ये नौदलाने आपली पहिली आधुनिक पाणबुडी घेतली, ‘हॉलंड’. लांबी सुमारे 16 मीटर, माणसं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आता विचार करा. मोठ्या युद्धनौकेवर शिस्त पाहणारा वेगळा, दोरखंड-नांगर पाहणारा वेगळा, शिधा पाहणारा वेगळा. एवढ्याशा बोटीत इतक्या माणसांना जागाच नव्हती! मग ही सगळी कामं एका अनुभवी चीफच्या गळ्यात पडली. म्हणजे पद आधी कामातून उभं राहिलं, नाव-नियम मागून आले.

ब्रिटिश पाणबुड्यांवरही असंच घडलं. तिथे ‘कॉक्सवेन’ शिस्त, शिधा, प्रथमोपचार हे सगळं सांभाळायचा.

पुढे बोटी वाढल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘गॅटो’ वर्गाच्या पाणबुड्या 95 मीटर लांब होत्या, त्यांवर साठाहून अधिक माणसं असत. कोण कुठे झोपणार, कुणाची पाळी कधी, नव्या पोराला कुणाच्या हाताखाली द्यायचं, हे कॉब बघायचा. तुम्ही म्हणाल, ही तर घरकामं झाली. तसं नाही.

1939 मध्ये ‘स्क्वॉलस’ ही पाणबुडी चाचणीसाठी बुडी मारत होती. फलकावरचे दिवे सांगत होते की सगळ्या झडपा बंद आहेत. प्रत्यक्षात इंजिनांना हवा पुरवणारी मोठी झडप उघडी होती. मागचे कप्पे पाण्याने भरले, 26 जण गेले. कप्प्यांमधला दरवाजा वेळेवर लावला गेला, म्हणून पुढच्या भागातले 33 जण वाचले. पाणबुडीत एका माणसाची चूक सगळ्यांना भोवते आणि एकाची तत्परता अनेकांना वाचवते. म्हणून तिथे स्वयंपाक्यालाही झडपा, टाक्या, दरवाजे माहीत असावे लागतात. ही तयारी करून घेण्यात कॉबचा मोठा वाटा असतो. खलाशी थकलेत का, दोघांत धुसफूस आहे का, हेही कॅप्टनला तोच सांगतो.

गंमत बघा. संपूर्ण नौदलासाठी खलाशांचा असा ज्येष्ठ प्रतिनिधी नेमला गेला तो थेट 1967 मध्ये, डेल्बर्ट ब्लॅक. इतर जहाजांवर अशी पदं रीतसर आली ती 1970च्या दशकात. पाणबुडीवाल्यांकडे ती व्यवस्था त्याआधीच रुळलेली होती.

कॉबच्या खांद्यावर कॅप्टनइतका अधिकार नसतो. पण अंधारात, पाण्याखाली, हुकूम निघायच्या आधीच योग्य हात योग्य झडपेवर गेला, तर त्यामागे बहुधा त्याचीच शिकवण असते.